बाळसं धरलेला लॅब्राडॉर

सुरतेत जरी ग्रॅमवर तोलतात, हे जगाला ठाऊक आहे. तिथल्या डिंडोलीत आता कुत्र्याची पिल्लंही तोलू लागलेत, तेही सुताच्या कोनांसाठी आणलेल्या काट्यावर. ज्या रो-हाऊसच्या ओट्यावर स्प्लेंडर आडवी लावावी लागते, तिथे लॅब्राडॉर बांधलेला असतो आणि त्याचं वजन कालच्यापेक्षा भरलं नाही, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते.

वजन काट्यापेक्षा पाहुण्यांच्या डोळ्यांनी जास्त ठरतं, ही खरी अडचण आहे. उधन्याला गाडीतून उतरलेले अमळनेरचे, शहाद्याचे, चाळीसगावचे नातलग चहाआधी पिल्लाच्या बरगड्या मोजतात. ‘‘हाऊ ते वाळी गया! काय खावाले देतस रे याले?’’ एवढं कानावर पडलं की मालकाचं तोंड उतरतं. बाळसं हे खानदेशात घराण्याच्या ऐपतीचं प्रमाणपत्र आहे. ते नातवाला लागू, जावयाला लागू, मग ब्रूनो नावाच्या पिल्लानेच काय घोडं मारलंय? लगेच दुधात भाकरी कुस्करली जाते, वर तुपाची धार. आबा सांगतात, आमचा मोत्या कळण्याच्या भाकरीवर पंधरा वर्षं जगला. मोत्याची बाकीची भावंडं किती वर्षं जगली, हे आबांना कुणी विचारत नाही, विचारायचं नसतं.

सुनेने मात्र दुकानातून पिल्लांच्या खाद्याची पिशवी आणलेली असते. पिशवीच्या पाठीवर तक्ता असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सगळे त्यात पिल्लाचं आजचं वजन शोधतात. बऱ्याच तक्त्यांना ते नकोच असतं. त्यांना पिल्लाचं वय हवं आणि मोठेपणी ते किती किलोचं होणार तो आकडा. मोठेपणीचं वजन कळायला जात माहीत हवी, जात कळायला कागद हवेत, आणि कागद, पिल्लू विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर, कुरिअरने निघालेत.

कागदांचं महत्त्व उगाच नाही. लहान चणीचं कुत्रं वर्षभरात वाढून मोकळं होतं. लॅब्राडॉरसारख्याला दीड वर्षही लागतं. म्हणून मोठ्या चणीच्या पिल्लांचं खाद्य वेगळं बनवतात आणि त्यात कॅल्शियम मुद्दाम आवरून घातलेलं असतं. अमेरिकी मानकानुसार, मोठेपणी साधारण 32 किलो किंवा जास्त भरणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात पाणी वगळून कॅल्शियम 1.2 ते 1.8 टक्केच असावं. कारण लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीच्या कॅल्शियमला दार बंद करता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात मुरतं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. नेदरलँड्सच्या उट्रेक्टमध्ये हेझविंकेल यांनी ग्रेट डेन पिल्लांवर 1980 च्या दशकात हेच दाखवलं. पण उट्रेक्टहून डिंडोलीला थेट गाडी नाही. त्यामुळे शेजारचे नाना मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणतात. ‘‘हाडं पक्की व्हायला हवीत ना भाऊ!’’ पाया भरताना सिमेंट जास्त घातलं की इमारत टिकते, हा त्यांचा अनुभव असावा.

हिशेबी माणसांसाठी रोजच्या कॅलरींचं सूत्रही आहे. वजनाचा घन करा, मोबाइलवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला 70 ने गुणा. दहा किलोच्या पिल्लाच्या येतात 394 कॅलरी. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट, पुढे दुप्पट, म्हणजे सुमारे 790. तेही अंदाजानेच, पुढे पिल्लाकडे पाहून कमीजास्त करायचं. मार्केटात हिशेब लिहिणाऱ्या आमच्या एका स्नेह्याने हे दशांशापर्यंत काढलं, त्याबरहुकूम खाद्य ग्रॅमवर मोजलं आणि वाटी खाली ठेवता ठेवता रविवारच्या लोचोतला लोण्यात न्हालेला तुकडा ब्रूनोपुढे टाकला. तो हिशेबात धरत नाहीत. तो प्रेमखाती जातो. शेवभाजीचा रस्साही त्याच खात्यात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे सांगणारा माणूस या घरात ‘फार शिकलेला’ ठरतो.

यावरची गंमत म्हणजे, कमी खाऊ घाला हे सिद्ध करायला पैसे कुणी घातले, तर खाद्य विकणाऱ्यांनीच. पुरिना कंपनीने 48 लॅब्राडॉर जन्मभर सांभाळले. निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी घातलं. 2002 साली निकाल छापून आला: सडपातळ कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, सांधेही उशिरा कुरकुरले. आपल्याकडे एखाद्या मिठाईवाल्याने असा अभ्यास केलेला ऐकिवात नाही.

ब्रूनोला अखेर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बरगड्यांवर तळवा फिरवला, वरून कंबर शोधली, सापडली नाही. बरगड्या दिसल्या नाहीत तरी हाताला सहज लागल्या पाहिजेत, म्हणाले. कॅल्शियम बंद, वाटी लहान.

घरी आल्यावर वाटी खरंच लहान केली. आजी ती आता दिवसातून सहा वेळा भरतात.