दोन मिलिमीटर

आमच्या साडूंना तुम्ही ओळखता. नावगाव वेगळं असेल, पण माणूस तोच. कॅरमचा बोर्ड समतल नाही म्हणून डाव न मांडणारा आणि पेटी सुरात नाही म्हणून जन्मभर गाणं न म्हटलेला. आमचे साडू नागावला राहतात, वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि सध्या ते धनुर्धर आहेत. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. साडूंनी हे फोनवर पाहिलं आणि दिवाळीच्या आत घरात कंपाउंड बो आला. मोजणीत धरावा असा बाण मात्र त्यातून अजून सुटलेला नाही. बो दोन मिलिमीटर हललेला आहे.

साडूंच्या खिशात एक टी आकाराची पट्टी असते. तिला बो स्क्वेअर म्हणतात. दोरीवर अडकवून बाण कुठे लावायचा, दोरी मुठीपासून किती लांब, ते तिने मोजायचं. साडू तिने जग मोजतात. पेणला गणपती सांगायला गेलो, तर डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "डावा डोळा दोन मिलिमीटर वर गेलाय." त्याने ब्रश त्यांच्याच हातात दिला, तेव्हा गप्प बसले. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यावर गेलो, तर तोफेच्या मागे एक डोळा मिटून उभे. "दोन मिलिमीटर उजवीकडे." मी म्हटलं, "अहो साडू, समोर समुद्र आहे. चुकणार कशाला?" त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आमच्या सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीत एकदा वापरली होती.

त्यांच्या बाजूने एवढं खरं, की कंपाउंड बो हे नाजूक प्रकरण आहे. दोन्ही टोकांच्या चाकांना कॅम म्हणतात, आणि ती एकाच क्षणी, एकाच मापाने फिरावी लागतात. दोरी ताणली जाते, केबल सैल पडते, मग बाण शेपूट हलवत जातो. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं. तिथे दोन मिलिमीटर हा विनोद नव्हे. शिवाय याची दोरी हाताने काढता येत नाही, बो प्रेसमध्ये धनुष्य दाबून धरावं लागतं. आमच्या किनाऱ्यावर फाटलेलं जाळं विणून देणारा मिळतो, बोटीचं इंजिन खोलणारा मिळतो. बो प्रेसवाला काही साडूंना सापडेना, आणि खारा वारा एकेक स्क्रू खात सुटलेला.

म्हणून मांडव्याहून बोट धरून आम्ही मुंबईला. बॅग तपासणाऱ्या हवालदाराने विचारलं, "काय आहे?" साडू म्हणाले, "धनुष्य." तो म्हणाला, "नाटक कुठे आहे?" धोबीतलावला खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिथे एका काउंटरवर साडूंनी कॅम टायमिंगबद्दल बराच वेळ तपशिलात विचारलं. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

मग घरच्या घरी पेपर ट्यूनिंग. चौकटीत कागद ताणायचा, दोन पावलांवरून बाण मारायचा, कागद कसा फाटला ते बघायचं. भोक गोल पडलं तर बाण सरळ जातोय, वर-खाली किंवा आडवं फाटलं तर धनुष्यात खोट. यासाठी साडू रविवारची पुरवणी वापरतात. एकदा चौकटीत माझाच लेख होता. मी सहज म्हटलं, "कसा वाटला?" साडू बारकाईने बघत म्हणाले, "डावीकडे फाटलाय."

शेवटी घाटावर एक पोरगा सापडला. प्रेस, लेव्हल, सगळी हत्यारं हजर. त्याने धनुष्य उलटसुलट पाहिलं, कॅम तपासले आणि स्वतः एक बाण मारला. कागदावर गोल भोक. "काका, बो एकदम ओके. तुम्ही सोडताना मनगट वळवता." ताम्हिणी उतरेपर्यंत साडू बोलले नाहीत. माणगावला चहा घेताना म्हणाले, "पोरगा बरा आहे. अनुभव कमी."

तेव्हाच मला हा माणूस कळला. धनुष्य हललेलं आहे तोवर नेम चुकत नाही. मारलाच नाही तर चुकेल कसा? 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली, ही बातमी त्यांनीच मला कळवली, आणि पुढे म्हणाले, "तोपर्यंत सेटिंग होईल."

आता पुढचं लिहिणं जरा जिवावर येतं. पावसाळ्यानंतर एक कोळी बाप आपल्या शाळकरी मुलीला घेऊन साडूंच्या ओटीवर आला. तिच्याकडे इंडियन राउंडचं साधं लाकडी धनुष्य होतं, आणि सुटताना दोरी सपकन बसून डावा हात कोपराखाली काळानिळा झालेला. आमच्याकडे डोंगर पोखरून बंगले आणि त्यांना पोहण्याचे तलाव झाले, पण तेवढी दोरी बघून द्यायला दुकान नाही. त्यासाठी त्या बापाने एक दिवसाचा धंदा बुडवून घाट चढायचा. साडूंनी पट्टी लावली. दोरी उतरवून तिला पीळ घातले, म्हणजे ती आखडून मुठीपासून लांब राहिली. बाणाच्या जागी दोऱ्याची गाठ मारली, पुन्हा मोजली, सोडवली, पुन्हा मारली. बाप दोनदा घड्याळ बघून गेला. मग मुलीला नारळाखाली उभं करून साडूंनी तिचं कोपर बाहेर फिरवलं आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "सोडताना मनगट वळवू नकोस." पोराचं नाव काही घेतलं नाही. पैसेही घेतले नाहीत.

तिच्यामागून आणखी मुलं येऊ लागली. साडूंचं स्वतःचं धनुष्य पेटीत आहे, आणि त्यांनी बो प्रेस मागवला आहे. तो ठेवायला माजघरातली घरघंटी पडवीत गेली. मेहुणी परवा फोनवर चिडून सांगत होती, की तिथे गेल्यापासून पीठ जाड येतंय. मागून साडूंचा आवाज आला, "हात लावू नकोस. जाळी हललेली दिसतेय. पट्टी घेऊन आलोच."