चिमणीच, पण कोणती?

उन्हाळ्याच्या तोंडावर औंढा नागनाथच्या डोंगराकडे गेलात, की फुललेल्या पळसावर एखादी चिमणी दिसते. कोणती म्हणून विचारावं, तर गावकरी आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतो. “चिमणीच हाय की. दुसरं काय असंल?”

तसं खरंच आहे. पण ही रानातली, पीतकंठी चिमणी. घरातल्या चिमण्यासारखा गळ्यावर काळा डाग नाही, पाठीवर रेघोट्या नाहीत. सगळा मातकट कारभार. नराच्या खांद्यावर विटकरी पट्टा, पंखावर पांढऱ्या रेघा आणि गळ्यावर पिवळा ठिपका. वसमतच्या बाजारात हळद पोत्यांनी विकली जाते, हिच्या वाट्याला चिमूटभरच आलेली. तीही मान वर केल्याशिवाय दिसत नाही, आणि मादीला तर तेवढीही नाही. विणीच्या दिवसांत नराची चोच काळीभोर होते. बहुधा लग्नाची तयारी.

खाणं साधं: गवताचं बी, सांडलेलं धान्य, अधूनमधून किडे. पण पळस-मोह फुलले की बाई मध प्यायला हजर, आणि कपाळावर परागांचा मळवट भरून परत. घरटं झाडाच्या ढोलीत. आपल्या वळचणीचे उपकार तिला नकोत.

१९०८च्या सुमारास मुंबईत सालिम अली नावाच्या शाळकरी मुलाने छर्‍याच्या बंदुकीने अशीच एक चिमणी पाडली. गळा पिवळा बघून तो बुचकळ्यात पडला: ही खायला चालते का? मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. पण त्यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. साहेबांनी पक्षी ओळखला, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. पोरगं तिथेच अडकलं, ते जन्मभरासाठी. पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या या सालिम अलींच्या, १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे.

श्रेय सगळे चिमणीला देतात. मला मामांचं कौतुक वाटतं. “चिमणीच आहे, खा मुकाट्याने,” असं म्हणाले असते, तर रस्सा झाला असता आणि विषय संपला असता. पीतकंठी चिमणी आपल्या रानात अजून पुष्कळ आहे. “मला ठाऊक नाही, चल विचारू,” म्हणणारा मामा मात्र दुर्मीळ प्रजातींच्या यादीत घालायला हवा.