दोन कट्टे आणि वर चार किलो

माझं खरं वजन मला पहिल्यांदा कळलं ते तुमसरकडच्या एका राइस मिलमध्ये. मिल मित्राची. उन्हाळी धानाची आवक चालू होती. काटा क्षणभर रिकामा दिसला आणि मी गंमत म्हणून त्यावर चढलो. हमालाने आकडा वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिशेबाच्या सुरात म्हणाला, "दोन कट्टे आन् वरून चार किलो."

आमच्याकडे धानाचा कट्टा ४० किलोचा. आजवर डॉक्टरांनी तक्ते दाखवले होते, बीएमआय काढून दिला होता, आपल्या लोकांनी २३ च्या वर गेलं की जपायला लागावं असंही बजावलं होतं. मला काही वाटलं नव्हतं. पण कट्ट्यात मोजलं की वर्मी लागतं. मी म्हटलं, "अरे, सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, मला तेवढी तरी सूट दे." तो हसला नाही. ओलाव्यापायी ज्यांचा माल परत जातो त्यांच्यात राहून ओलाव्यावर हसू येत नसावं.

घरी येऊन जाहीर केलं, उद्यापासून भात बंद. बायकोने विचारलं, "मग खाणार काय?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. या जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे बांध्या, बांध्यांच्या वर तलाव, तलावाखाली पुन्हा बांध्या. चार पोळ्या खाऊनही शेवटी भात पडला नाही तर माणूस 'जेवलो' म्हणत नाही, 'थोडं खाल्लं' म्हणतो. आणि एका झटक्यात वजन उतरवल्याचं उदाहरण आमच्याकडे एकच आहे: १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा जिल्हा एका दिवसात निम्मा झाला. मला तशी सोय नव्हती.

मग पंथ निवडणं आलं. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत दोन तट पडले होते, तसे ते आमच्याही घरात पडले. मी दीक्षितांचा. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधे तोंड बंद. बायको ऋजुता दिवेकरांची. आजी जे खायची ते खा, तुपाला आणि भाताला घाबरू नका. आता माझ्या आजीने आयुष्यभर भातच खाल्ला. तिचं वजन कधी कुणी केलं नाही, पण तिने जन्मभर रोवणीही केली, हा भाग मी बायकोला वारंवार ऐकवत असे. ती म्हणे, "मग तुम्हीही करा रोवणी, कोण नाही म्हणतं?"

घरात तांदूळ एचएमटी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे नावाच्या छोट्या शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून हे वाण तयार केलं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळाला घड्याळाचं नाव. म्हणजे मी घड्याळाच्या नावाचा भात घड्याळ लावून खात होतो. ५५ मिनिटांत माणूस किती भात खाऊ शकतो याचा अंदाज दीक्षितांना असेलच, पण झाडीपट्टीतल्या माणसाचा त्यांनी वेगळा धरला होता की नाही, कोण जाणे.

मधे तोंड बंद ठेवायचं, तिथेच घोडं अडलं. सकाळी खांब तलावाला फेऱ्या. फेऱ्या झाल्या की रस्त्याच्या कडेला पोहे, त्यावर तर्री, तर्रीवर तरंगणारे चणे. पहिली प्लेट खाताना चव लागायची नाही, कारण जीव हिशेबात गुंतलेला. हिशेब संपला की वाटायचं, आजचा दिवस तर गेलाच, मग दुसरी प्लेट कशाला सोडा? दुसरीला मात्र चव असे.

हा प्रकार माझा एकट्याचा नाही, हे नंतर वाचनात आलं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी बेताने खाणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर जास्तच आइस्क्रीम खाल्लं. ज्यांना खाण्याचं काही वाटतच नव्हतं, त्यांनी पोट भरलं म्हणून हात आवरला. आपल्याकडे याला एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, आणि ते शोधून काढायला कुणाला प्रयोगशाळा लागली नव्हती. माझ्या आईची एकादशी तलावातल्या शिंगाड्यांनी सुरू व्हायची आणि साबुदाण्यापाशी सुटायची. पण तिला त्याची खंत नसे. तिच्या लेखी तो उपास होता.

खंत मला होती, आणि ती रात्री अकराला जास्त होती. भाताचा गंज आईच्या वेळचा, पितळेचा. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या झाकणाचा आवाज किती लांब जातो ते चोरून खाणाऱ्याला विचारा. मी अंधारात, अनवाणी, झाकण दोन बोटांनी उचललं. तळाशी थंड भात, थोडा चिकट, कडेला खरपूस पापडी. बोटांनी पापडी सोडवली, मीठ लावलं. तेवढ्यात झाकण ओट्यावरून घरंगळलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. पितळ लवकर गप्प होत नाही. आतून आवाज आला, "गरम करून घ्या ना. थंड कशाला खाता?"

थंड भातातला काही स्टार्च पचत नाही, म्हणून तो गरम भातापेक्षा बरा, हे शास्त्र मला पाठ होतं. सांगण्याची ती वेळ नव्हती. पण त्या रात्री मी ताट घेतलं, दिवा लावला आणि पाटावर बसून जेवलो. चोरून चार घास खाल्ल्यावर पोट कधीच भरत नसे. त्या दिवशी वाटीभरातच भरलं.

पुढे दिवाळी आली आणि दिवाळीपाठोपाठ मंडई. लाखनीकडच्या मावशीच्या गावची मंडई चुकवणं आमच्यात नाही. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. पाच महिन्यांत मी तीन किलो उतरवले होते आणि ते सांभाळून गेलो होतो. मावशीने ताटात भाताचा ढीग घातला, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. मी हाताने आडोसा केला.

"काहून रे बापू, एवढुसाच? बिमार-गिमार आहेस का?"

"वजन कमी करून राहिलो, मावशी."

"मंडईच्या दिवशी?" तिने शेजारणीकडे पाहिलं. "आमी पेज पिऊन रोवन्या केल्या. हा भात पाहून हात आडवा करते."

आता माझ्याकडे दोन अपराध झाले. खाल्लं तर काट्याचा, नाही खाल्लं तर मावशीचा. आणि तिसरा अपराध या दोघांहून मोठा, ताटात शीत टाकण्याचा. त्याला आमच्या घरात कधीच माफी नव्हती. मी जेवलो. वडे चार खाल्ले, मोजून, कारण मावशीही मोजत होती.

निघताना तिने गाडीच्या पुढच्या जागेत एक पिशवी ठेवली. नवा तांदूळ, तिच्या बांधीतला. "जास्त नाही, पाच किलो आहे."

तीन किलो उतरवून गेलो होतो, पाच घेऊन परत आलो. बायकोने पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ हातावर घेऊन वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. घड्याळात साडेसात झाले होते.

"पाणी बेताचंच घाल," मी म्हटलं. "नवा आहे, चिकट होईल."