एक चहा, पाच किलोमीटर

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात सायकलने कापायचे, एवढाच हा प्रकार. त्यात पहिला-दुसरा कोणी नसतो, बक्षीस नसते, आणि पदक हवे असल्यास त्याचे पैसे स्वतः भरावे लागतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका हंगामात हे चारही टप्पे पार करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. त्याची नोंद पॅरिसच्या ऑदाक्स क्लबात होते; घरचे लोक त्याला काय म्हणतात, याची नोंद कुठेच होत नाही.

वेळेच्या हिशेबात थांबणेही धरलेले असते, आणि सगळी गोम तिथेच आहे. पंक्चर, जेवण, फोटो, लघुशंका, सगळे त्याच साडेतेरा तासांत. सरासरी पडते ताशी जेमतेम 15 किलोमीटर. चालवताना हा वेग कोणालाही सोपा वाटतो. पण टपरीवरचा एक चहा, गप्पा धरून, 20 मिनिटांचा असतो. म्हणजे एका चहाची किंमत 5 किलोमीटर. हिवाळ्यात हे गणित फार महाग पडते.

नाशिक ते मालेगाव आणि परत हे अंतर 200 किलोमीटरच्या घरात जाते, आणि तसेच पुढे धुळ्याला शिवून परतले की 300 च्या आसपास. मुंबई-आग्रा महामार्ग बांधणाऱ्यांच्या मनात सायकलस्वार नक्कीच नव्हते, तरी माप बरोबर बसले आहे. नाशिकमध्ये या वेडाला प्रतिष्ठाही आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. या यादीत डॉक्टर इतके का, हे वैद्यकशास्त्राने एकदा तपासायला हवे.

आता थंडी. मालेगावचे नाव वर्तमानपत्रात येते ते एप्रिल-मे महिन्यांत, पारा 42-43 च्या वर गेल्यावर. थंडीचा मान निफाडचा. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 1.8 अंशांपर्यंत उतरला होता. एरवी या पट्ट्यात पहाटे आठ-दहा अंश म्हणजे नित्याची गोष्ट. कॅनडात राहणारा भाचा या आकड्याला हसतो. पण भाचा मोटारीत बसलेला असतो. आठ अंशांत ताशी 30 च्या वेगाने निघालेल्या माणसाच्या कातडीला चार अंशांसारखे वाटते, आणि हा वारा त्याने स्वतःच्या मांड्या झिजवून तयार केलेला असतो. शिवाय थंड हवा दाट असते. पस्तीस अंशांच्या दुपारपेक्षा दहा अंशांच्या पहाटे तिचा अडसर आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो. टायरमधली हवाही आकसते. म्हणजे गाडी जड, रस्ता तोच, आणि बोटे कोणाची आहेत ते कळत नाही.

पोशाखाचा नियम असा की निघताना थोडे कुडकुडले पाहिजे. घरातून उबदार निघालेला माणूस दहा किलोमीटरांत घामाने भिजतो आणि पुढची तीस किलोमीटर तोच घाम त्याला गारठवतो. हेल्मेटखाली कानटोपी, हातांत दोन मोजे, पायमोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या. छातीसाठी सर्वांत स्वस्त कवच वर्तमानपत्राचे. युरोपातले नामांकित सायकलपटूही पूर्वी घाटमाथ्यावर पोचले की जर्सीच्या आत वर्तमानपत्र खोचून उतार उतरत. नाशिकमध्ये आदल्या दिवसाची पुरवणी वापरतात. ‘निफाड गारठले’ हा मथळा आतल्या बाजूला ठेवावा, एवढे पथ्य.

पहाटे चारला निघालेला गट ओझर ओलांडतो तेव्हा उत्साहात असतो. पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर सायकलला पैसे पडत नाहीत, याचा आनंदही दर वेळी नव्याने होतो. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि वेलींना पाणी सोडतात. सायकलस्वाराला यांतली फक्त शेकोटी दिसते. तो थांबतो, हात शेकतो, आणि मग चौकशी सुरू होते.

“कुठून आले?”

“नाशिकहून. मालेगावला जातोय.”

“बस बंद हे का?”

“नाही, ब्रेव्हे आहे.”

“बक्षीस किती?”

“काही नाही.”

यानंतर जी शांतता पसरते तिला सामोरे जाण्याचे प्रशिक्षण कोणताही क्लब देत नाही. शेतकरी रात्रभर जागला आहे तो लाखोंच्या मालासाठी. समोरचा जागला आहे तो विकतच्या पदकासाठी. शेकोटी मात्र दोघांना सारखीच सोडवत नाही. दहा मिनिटे गेली, अडीच किलोमीटर गेले.

चांदवडच्या अलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर भेटू लागतात. पिंपळगाव, चांदवड, उमराणे, मुंगसे, प्रत्येक ठिकाणी बाजार. लाल कांद्याच्या दिवसांत ट्रॉल्यांची रांग उजाडण्याआधीच लागते. ट्रॉलीमागे वारा अजिबात लागत नाही, इंजिनाची ऊब येते आणि वेगही सोसवेल असा. नेमके हेच नियमात बसत नाही. यांत्रिक वाहनाचा आडोसा घेणे मना. मग सायकलस्वार नीतीने ट्रॅक्टरच्या पुढे जातो, चढावर ट्रॅक्टर त्याच्या पुढे जातो, आणि हा सोहळा अहिराणी गाण्यांच्या साथीने बराच वेळ चालतो.

चांदवड सोडले की राहूडचा घाट. जाताना हा उतार आहे, आणि हिवाळी सायकलिंगमध्ये चढापेक्षा उतार वाईट. चढावर शरीर तापते. उतारावर पाय रिकामे, वेग दुप्पट, आणि ब्रेक दाबायच्या वेळी बोटे रजेवर. अनुभवी मंडळी माथ्यावर थांबून बोटे काखेत घालतात आणि मगच उतरतात. नवखे खाली पोचल्यावर तोंडाने बोलायचा प्रयत्न करतात. शब्द उमराण्याला फुटतो. तिथल्या पारावर विचारणा अहिराणीत होते: “कथा चालनात, भाऊ?” बक्षिसाचा खुलासा झाल्यावर पुढचा प्रश्न: “मंग कसाले करतस?” याला टिकेल असे उत्तर अजून सापडलेले नाही.

सौंदाण्यानंतर मालेगाव. महामार्ग शहराला बगल देतो, पण पोचल्याचा पुरावा लागतो: ब्रेव्हे कार्डावर शिक्का, किंवा पेट्रोल पंपाची, नाहीतर एटीएमची चिठ्ठी. पेट्रोल पंपावर सायकल घेऊन पावती मागणे अवघड, म्हणून बहुतेक जण शंभर रुपये काढतात. चिठ्ठीवर वेळेबरोबर शिल्लकही छापून येते आणि संयोजकाला दोन्ही दिसतात.

दुपारनंतर सुटणाऱ्या तीनशेच्या खेपेत धुळ्याहून परतताना मालेगाव मध्यरात्रीनंतर लागते, आणि तेव्हा या गावाची खरी किंमत कळते. इतर गावे शटर ओढून झोपलेली असतात. इथे यंत्रमागांची खडखड रात्रपाळीतही चालू, आणि पाळी म्हटली की चहा आलाच. अडीच वाजता काचेचा गरम पेला हातात देणारे गाव या टापूत दुसरे नाही. घट्ट कपड्यांतल्या, डोक्यावर दिवा लावलेल्या माणसाकडे इथे कोणी वळून पाहत नाही. ज्या गावाने स्वतःचा सुपरमॅन काढला, सरकत्या शॉटसाठी कॅमेरावाल्याला सायकलवर बसवले आणि क्रेनच्या जागी बैलगाडी वापरली, त्याला असल्या वेषाचे अप्रूप राहिलेले नाही. हा उद्योग 2008 च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहायला मिळतो.

धोका एवढाच की इथला चहा एकावर थांबत नाही. थंडीत तहान लागत नाही, लघवी मात्र वाढते, त्यामुळे पाण्याची बाटली भरलेली राहते आणि शरीर सुकते. त्यावर उपाय म्हणून दुसरा चहा. मग पाठ भिंतीला टेकते. तीन चहा म्हणजे 15 किलोमीटर, आणि पुढे राहूड आता चढ म्हणून उभा असतो.

वेळेत नाशिक गाठलेल्यांची कार्डे जमा होतात, निकाल पॅरिसला जातात, तिथून मान्यतेचा क्रमांक येतो. पैसे भरलेल्यांना काही महिन्यांनी पदके मिळतात.