रा. रा. एकावर एक मोफत यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. एकावर एक मोफत,
सुपरमार्केट, आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला.

स. न. वि. वि.

पूर्वी आमच्याकडे वाणसामान यादीने यायचे. आता यादी फ्रीजवर चिकटलेली राहते आणि घरी आपण येता. मागल्या खेपेला तूरडाळ विसरली, पण रूम फ्रेशनरच्या दोन बाटल्या आल्या. वरणाचा वास नसला की घरात त्यांचीच गरज पडते, हे आपण आधीच ओळखलेत.

आपले धाकटे बंधू 'दोनांवर एक मोफत' यांचेही कौतुक वाटते. आपण निम्म्या भावात माल देता, ते जेमतेम तेहतीस टक्के सोडतात. फलकावरचे 'मोफत' मात्र दोघांचे सारख्याच उंचीचे.

आणि बिलाच्या शेपटाला लोंबणारे ते कूपन! २००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये सूट. फक्त १ ते ७ तारखेपर्यंत. तेल, साखर, डाळी, धान्य वगळून. म्हणजे माणसे जे खातात ते सोडून बाकी सगळ्यावर. आमच्या ह्यांचा हिशोब १८४० वर अडला, तेव्हा त्यांनी १८९ रुपयांचे बुटांचे पॉलिश टोपलीत टाकले आणि १०० रुपये वाचवले. हे बारा महिने चपला घालतात.

छापील किंमत ही कायद्याने ठरलेली वरची हद्द. तिच्याखाली विकायला कोणाची मनाई नाही. कोपऱ्यावरचा वाणीही चार रुपये कमी लावतो, पण बिचारा फुगे लावत नाही.

सरकारने मध्येच एक खोडी काढली. पाकिटावर आता एककामागचा भावही छापावा लागतो. किलोच्या आतले पाकीट असेल तर ग्रॅममागे, वरचे असेल तर किलोमागे. एक लहान आणि एक मोठे पाकीट ताडून पाहायचे तर दुकानात उभ्याउभ्या हजाराने गुणायचे. तेवढाही त्रास आम्हाला होऊ नये म्हणून आपण आपले पिवळे स्टिकर नेमके त्याच ओळीवर चिकटवता. नखाने खरवडले तर निघते. अर्धेच.

एक चहाडी करते. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत नावाची मंडळी आहेत. आसपासची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी आधी लिहून देतात, माल घाऊक येतो आणि तो आपसांत वाटून घेतात. फुगे नाहीत, कूपन नाही. वर यादी सक्तीची! अशा लोकांपासून जपून राहावे.

कळावे, लोभ आहेच. आपण तो वाढवतच असता.

आपली,
एक गिऱ्हाईक

ता. क. : ७ तारखेला संपणारे एक कूपन सोबत जोडले आहे. डाळीवर चालत नाही. आपल्या घरी वापरावे.