ससेदर्दी आप्पा

रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा, दोघांना मराठीत मिळून एकच शब्द आहे. भाषेनं ही हयगय केली नसती, तर आमच्या शिवाजी पेठेतल्या आप्पांनी रोजची सकाळ कशी काढली असती कोण जाणे.

तालमीच्या कट्ट्यावर चहा आला की एखाद्या नवख्यानं नुसतं 'ससा' म्हणायचं.

"पिंजऱ्यातल्याला ससा म्हणतोस व्हय रं? त्यो पाव्हणा. आपला रानातला. त्याची मान बघितलियास का कधी मागनं?"

इथवर आप्पा बरोबर असतात. आपल्या रानसशाच्या मानेवर मागच्या बाजूला काळा डाग असतो. तो बीळ खणत नाही. गवतात अंग मावेल एवढ्या खळग्यात दबून बसतो, अगदी पाय पडायची वेळ येईपर्यंत. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. उघड्या माळावर दुसरी सोय कुठली? पाळीव ससा मूळचा स्पेनकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं आंधळी आणि उघडीबंब. दोघांचा संकरही होत नाही.

'ससेहोलपट' हा शब्द रानसशाच्या पळापळीतून आला, हे आप्पांचं मत मला पटतं. पण 'ससेमिरा'ही तिथूनच आला असं ते ठणकावतात, तेव्हा मी मुकाट्यानं चहा पितो. ती चार श्लोकांची चार आद्याक्षरं, एका संस्कृत कथेतली. त्या कथेत अस्वल आहे, ससा नाही. हे आप्पांना सांगायचं धाडस पेठेत कुणी केलेलं नाही.

खरी रंगत शिकारीत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सातबारा फिरावा तशा आप्पांच्या सगळ्या शिकारी त्यांच्या आज्ज्याच्या नावावर चढल्या. आज्जा म्हणे शाहू महाराजांच्या चित्तेखान्यात होता. महाराजांचे पाळीव चित्ते हरणं धरायचे हे खरं; आज्ज्याचं आप्पा जाणोत. तर हा आज्जा पन्हाळ्याच्या पायथ्याला राजदूत फटफटीवर बसून, बॅटरीच्या उजेडात ससे टिपायचा. महाराज 1922 साली गेले आणि राजदूत त्यानंतर चाळीसएक वर्षांनी रस्त्यावर आली, हे एका पोरानं बोटं मोजून दाखवलं.

"आज्जा दांडगा जगला," आप्पा म्हणाले.

आज्ज्याच्या वयासारखंच सशाचंही. रानससा भरतो अडीच-तीन किलो. आप्पांचा ससा मागच्या दिवाळीत सात किलोंवर गेला, आणि त्याच्या तांबड्या रश्श्यावर अख्खी गल्ली जेवली. आता तो कोकराएवढा व्हायला फार दिवस लागणार नाहीत.

अशा माणसाच्या घरात गणपतीच्या आधी नातीनं दोन पांढरे ससे आणले. आप्पांनी एकेकाला मानगुटीला धरून उचललं, उलटं केलं, उजेडात फिरवलं. "दोन्ही नर. काळजी करू नगंस. शिकाऱ्याची नजर हाय."

महिन्याभरानं एका पहाटे आप्पा अनवाणीच कट्ट्यावर आले. पिंजऱ्यात उंदरासारखं काहीतरी मरून पडलंय, म्हणाले. एक नव्हे, सहा. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. आम्ही सगळे बघायला गेलो. एका 'नरा'नं स्वतःच्या छातीपोटाचे केस उपटून मऊ गादी केली होती आणि तिच्यात सहा गुलाबी जीव वळवळत होते.

"मेली न्हाईत, आप्पा," नात म्हणाली. "तुमीच की रोज सांगताय, पाळीव सशाची पिल्लं उघडी असत्यात म्हणून."

कट्ट्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच चहा शांततेत झाला.

व्याल्यावर सशाची मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते आणि महिन्याभरात पुन्हा विते. हे आप्पांना कुणीतरी सांगितलं, पण नर वेगळा करायला उशीर झाला होता. सध्या मोजदाद पंधरा आहे. रोज लसूणघासाच्या पेंढ्या आणायला आप्पा स्वतः जातात आणि वाटेत कुणी 'ससा' म्हणालं तर ऐकू न आल्यासारखं करतात.

कुणाला पाळायला ससा हवा असेल, तर त्यानं सकाळी सातच्या आत कट्ट्यावर यावं. पैसे नकोत, पिंजरा तेवढा घरून आणावा. नर आहे की मादी, हे मात्र आप्पांना विचारू नये.