माउसची आकृती काढून भागांना नावे द्या

नवी मुंबईतल्या करावे गावाशेजारच्या टी. एस. चाणक्य या संस्थेत जहाज हाकायला शिकवतात. तिथे बहुधा समुद्र वहीत काढून मार्क मिळत नसावेत. आपल्या बऱ्याच कॉलेजांत मात्र कॉम्प्युटर वहीतच चालतो. एक्सेलचा तक्ता पट्टीने आखायचा, बेरजेचं सूत्र निळ्या शाईने लिहायचं, मेल मर्जच्या पायऱ्या पाठ करायच्या. फाइल सेव्ह झाली नाही तरी चालेल, जर्नलवर सही पाहिजे! मग सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीची फी भरून तेच पुन्हा गिरवायचं. तोवर बायोडेटा नाक्यावरचा झेरॉक्सवाला बनवून देतोच, फोटोसकट. त्याला हे सगळं कुणी शिकवलं, असं विचारू नये. त्याचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलंय.